सदर इसम अद्याप हजर आहे

१

मंत्रालयात तीस-बत्तीस वर्षं काढली, पण माझा मसुदा वरून कधी दुरुस्त होऊन आला नाही. सचिव वाचायचे, सही करायचे आणि पेनाला टोपण लावायचे. हे मी वरचेवर सांगते म्हणून माझा मुलगा अनुप मला चिडवतो. खुशाल चिडवू दे. अभिमान वाटावा असं ज्यानं काही केलंय त्यानं तो बाळगावा, त्यात लाजायचं काय?

मी अरुणा दाबके. अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. शासनाचा आदेश निघतो तेव्हा 'राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने' असं छापून त्याखाली एक अधिकारी सही करतो. आमच्या विभागात ती सही कैक वर्षं माझी होती. त्या सहीनं माणसं गडचिरोलीहून ठाण्याला आली आणि ठाण्याहून गडचिरोलीला गेली.

यजमान गेल्यावर अनुपनं मला कॅनडात आणलं. तो किचनरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझी सून गौरांगी इथेच, ग्वेल्फला, एका अन्नप्रयोगशाळेत काम करते. गावाच्या कडेला नव्या वस्तीत त्यांचं घर आहे आणि त्यातलं बेसमेंट माझं. पलंग, टेबल, स्वतंत्र वॉशरूम. बाजूच्या दारातून आलं की दहा-बारा पायऱ्या उतरून थेट माझ्या खोलीत. एक खिडकी आहे, ती पार छताजवळ, बाहेरच्या जमिनीला टेकलेली. हिवाळ्यात ती बर्फानं बुजते आणि मग दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो.

सकाळी दोघं कामाला गेली की मी पूजा उरकून इस्त्रीची साडी नेसायची, वर स्वेटर घालायचा आणि टेबलाशी बसायचं. अनुप त्याला 'आईचं ऑफिस' म्हणतो. ऑफिसात काम मात्र काही नव्हतं. शब्दकोडी सोडवून माणूस किती सोडवणार?

गौरांगी मुलगी चांगली आहे, हे आधीच सांगते. पण एकदा मी महाराष्ट्र मंडळातल्या चार बायकांना चहाला बोलावलं, तेव्हा संध्याकाळी ती मला अगदी गोड आवाजात म्हणाली, "आई, कुणाला बोलवायचं असेल तर आधी एक टेक्स्ट करत जा हं. म्हणजे मला प्लॅन करता येतं." तिचं काही चुकलं नव्हतं. घर तिचं, हप्ते त्यांचे, मी आईवडिलांसाठी असतो त्या सुपर व्हिसावर आलेली. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. माझ्या शब्दानं आता कुणीही कुठे यायचं-जायचं नव्हतं.

२

चहाला आलेल्या त्या चौघींतल्या मृणालिनीताई इथे एकाहत्तर साली आल्या. वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. गावातल्या एका लहानशा इतिहास मंडळात त्या स्वयंसेवक आहेत. दोन हजार एकोणीसचा जानेवारी होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या शांततेला शंभर वर्षं होणार म्हणून मंडळ एक प्रदर्शन भरवत होतं. लंडनचं वसाहत खातं आणि ओटावाचं सरकार यांच्यात तेव्हा झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती त्यांनी कुठूनशा मिळवल्या होत्या. त्यातली निवडक पत्रं भिंतीवर लावून खाली दोन ओळी लिहायच्या होत्या.

"तुझ्यासारखं ऑफिशियल इंग्लिश वाचणारं आमच्याकडे कोणी नाही," मृणालिनीताई म्हणाल्या. "आमचे व्हॉलंटियर्स पहिल्याच पॅराग्राफला गिव्ह अप करतात. तू बघतेस का?"

मी जरा आढेवेढे घेतले. घ्यायचे असतात. पण त्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी व्हायच्या आत मी गठ्ठा सोडला होता. तारखेप्रमाणे कागद लावले, उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं पृष्ठांक घातले, आवक कुठलं आणि जावक कुठलं याच्या खुणा केल्या. कित्येक महिन्यांनी माझी पाठ खुर्चीत ताठ झाली होती.

आणि काय ती भाषा! राग आला तरी 'खेद वाटतो', नको म्हणायचं तरी 'अनुकूल विचार करता येत नाही'. एकीकडे साम्राज्य, दुसरीकडे वसाहत, पण वागणं अगदी आमच्या दोन विभागांसारखं. घोडे परत करायचे की विकायचे, मेलेल्यांची पदकं कोणी पाठवायची, प्रत्येक कागद चेंडूसारखा इकडून तिकडे. मी गालातल्या गालात हसत वाचत होते. जात ओळखीची होती.

३

राघोजीचं प्रकरण गठ्ठ्याच्या तळाशी होतं.

राघोजी, राहणार दापोली तालुका. मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. माझं माहेर दापोलीचं. हा माणूस आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा. कॅनडात हॅलिफॅक्स बंदरात उतरला तो परत बोटीवर गेलाच नाही, आणि लढाई लागली तेव्हा कॅनडाच्या फौजेत भरती झाला. फ्रान्सच्या चिखलात लढला, जखमी झाला, त्याच्या वरिष्ठानं त्याच्याबद्दल चांगलं लिहिलं होतं. वाचताना माझी मान ताठ झाली. कुठलं दापोली आणि कुठलं फ्रान्स! आमच्याकडच्या माणसाला कोणी कमी लेखू नये.

लढाई संपल्यावर पलटण कॅनडाला परतली आणि राघोजी लंडनलाच राहिला. बोटीच्या वेळी कोणीतरी विचारलं असावं, हा कोणाचा? लंडननं ओटावाला लिहिलं, तुमच्या फौजेतला आहे, घेऊन जा. ओटावानं खेद व्यक्त केला. मूळचा हिंदुस्थानचा असल्यानं प्रवेशाच्या नियमात बसत नाही. लंडननं लिहिलं, आमच्याकडे त्याची नोंद नाही, त्यामुळे तो आमच्याही नियमात बसत नाही. सगळं अत्यंत सभ्य भाषेत. एका पत्राच्या शेवटी एक ओळ होती. मराठीत आणायची तर अशी येईल: 'सदर इसम दररोज या कार्यालयात हजर होतो व बाहेर उभा राहतो. त्याच्याबाबत काय करावे ते कळवावे.'

ओटावानं कळवलं, विषय विचाराधीन आहे.

मग लंडनचं स्मरणपत्र. बऱ्याच महिन्यांनंतरचं. 'सदर इसम अद्याप हजर होत आहे. उत्तराची प्रतीक्षा आहे.'

त्यापुढे कागद नव्हता. मी गठ्ठा उलटापालटा केला, मृणालिनीताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आलं ते एवढंच.

मंत्रालयात मी एक पथ्य पाळलं. दुपारी तीननंतर अभ्यागतांची वेळ असायची. लांबलांबच्या गावांहून लोक यायचे आणि साहेबांच्या दाराबाहेर ताटकळायचे. माझ्या दाराबाहेर कोणी ताटकळलेलं मला खपायचं नाही. काम होवो न होवो, मी माणसाला आत बोलवायचे, खुर्ची द्यायचे. बाहेरचं बाकडं रिकामं झालेलं बघूनच मी पर्स उचलायचे. आणि इथे दोन दोन सरकारांनी मिळून एका माणसाला उभं ठेवलं होतं, आणि स्मरणपत्राला साधं उत्तर द्यायचीही कोणाला गरज वाटली नव्हती.

मला संताप आला. खरंच आला. टेबलावरचा चहा तसाच निवून गेला.

४

मी काय केलं ते सरळ सांगते. मी उत्तर लिहिलं.

गंमत म्हणून लिहिलं असं मी नंतर मृणालिनीताईंना सांगितलं, पण लिहिताना मला गंमत वाटत नव्हती. प्रलंबित कागद समोर आला की माझा हात पेनाकडे जातो, सवयच आहे ती. कोरा कागद घेतला आणि त्यांच्याच इंग्रजीत, त्यांच्याच वळणानं लिहिलं. आपल्या वरील स्मरणपत्राची पोच देण्यात येत आहे. सदर इसमास पाठवावे. त्यास खालील पत्त्यावर स्वीकारले जाईल. खाली या घराचा पत्ता घातला.

कच्चा माणूस इथे थांबला असता. पण एकाचा निर्णय केला की उद्या दुसरा त्याच कारणानं उभा राहतो आणि नस्ती, म्हणजे फाइल, पुन्हा उघडावी लागते. म्हणून मुरलेला मसुदाकार शेवटी एक ओळ घालतोच, आणि ती माझ्या हातून आपसूक उतरली: तत्सम सर्व प्रकरणी हाच आदेश लागू राहील.

मग सहीची जागा आली. 'आदेशानुसार व नावाने' हे शब्द मी लिहायला घेतले आणि थबकले. कोणाच्या नावाने? राज्यपाल कुठून आणायचे? ते शब्द गाळले आणि नुसती सही केली. किती दिवसांनी केली असेल! बँकेत करते तशी आखडून नाही, चांगली ऐसपैस, शेवटी रेघ ओढून.

आणि डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक घातला. बाहेरच्यांना यातलं महत्त्व कळणार नाही. जावक क्रमांक पडेपर्यंत पत्र म्हणजे नुसता कागद, कधीही फाडा. क्रमांक पडला की ते गेलं. मग ते टेबलावर पडलेलं असो नाहीतर टपालात, शासनाच्या लेखी गेलं. आणि ज्यानं पोच दिली, प्रकरण त्याचं.

कागद मी गठ्ठ्यात त्याच्या जागी लावला आणि त्या दुपारी छान झोपले.

५

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास बाजूच्या दाराबाहेर कोणीतरी खोकलं.

तो खोकला मी हजारदा ऐकलाय. आजारी माणसाचा तो नसतो. आपण आलोय हे आत कळावं, पण कळवल्याचा गुन्हा होऊ नये, एवढ्याच बेताचा. मंत्रालयात दाराबाहेर उभे राहणारे सगळे तसेच खोकायचे, भाषा आणि जिल्हा कुठलाही असो. पाठोपाठ एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतल्याचा आवाज. मग शांतता. मग पुन्हा पाय बदलला.

मी पेन खाली ठेवलं. कुरिअरवाला असेल म्हणून बेलची वाट पाहिली. बेल वाजली नाही. पायऱ्या चढून दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. शेजाऱ्यांचं कुंपण, त्यावर पांढरी झूल, आणि गालावर चावणारी थंडी.

डोकं ठिकाणावर असलेल्या बाईनं जे म्हणावं ते मी म्हटलं. फर्नेस आहे, गरम हवेचे पत्र्याचे नळ आहेत, थंडीत लाकूड कुरकुरतं. पहिल्या हिवाळ्यात अनुपनंच मला हे सगळे आवाज एकेक करून ओळखायला शिकवले होते. मी खाली आले आणि कान देऊन बसले. फर्नेस सुरू झाला, बंद झाला. नळ कडकडले. आणि त्या दोहोंच्या मध्ये, अगदी अदबीनं, पाय बदलला.

पाच वाजले आणि आवाज थांबला. अभ्यागतांची वेळ संपली की थांबावा तसा.

तिसऱ्या दिवशीही तेच. त्या सकाळी ताजा बर्फ पडला होता. मी दार उघडलं तर रस्त्यापासून घरापर्यंत बर्फ अगदी कोरा, मांजरसुद्धा गेलं नव्हतं. फक्त पायरीसमोर चौरंगाएवढी जागा तुडवून तुडवून कडक झालेली. तिथे येणारं पाऊल नव्हतं, जाणारंही नव्हतं. मी बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले. शेवटी तिच्यावर मीठ टाकलं, निसरडं होऊ नये म्हणून टाकतात तसं, आणि आत येऊन कडी लावली.

६

आठवड्यानं अनुपनं जेवताना विषय काढला. कोणी पार्सलं पळवू नयेत म्हणून त्यानं बाजूच्या दारावर कॅमेरा लावला होता. दाराशी हालचाल झाली की त्याच्या फोनवर सूचना यायची.

"आई, दुपारी साइड डोअरला कोणी येतं का? मला मीटिंगमध्ये सारखे अलर्ट्स येतात. बॅटरी पण पार ड्रेन झालीय."

त्यानं मला फोनवर चित्रफिती दाखवल्या. एकामागून एक, सगळ्या दुपारच्या. प्रत्येकीत रिकामी पायरी, बर्फ, कुंपण. थंडीत सेन्सर वेडा होतो, असं तो म्हणाला आणि पोळी मोडून भाजीला लावली. मी मात्र अजून बघत होते. अगदी पहिल्या दिवशीच्या चित्रफितीत कॅमेऱ्यानं पायरीपुरती चौकट आखली होती, 'इथे कोणी आहे' असं दाखवणारी. पुढच्या दिवशी ती चौकट रुंद झाली होती. कालच्या चित्रफितीत तिनं कुंपणाची अख्खी बाजू व्यापली होती.

मी फोन परत दिला. गौरांगीनं विचारलं, भाजी तिखट झालीय का? मी म्हटलं, नाही, छान झालीय.

रात्रभर मला माझीच ती शेवटची ओळ आठवत राहिली. तत्सम सर्व प्रकरणी. काय सफाईनं लिहिली होती! जगात अशी प्रकरणं किती असतील, हा विचार मी केला नव्हता. तो आम्ही कधीच करत नाही. कोणालाही वगळायचं नाही, एवढंच आम्ही बघतो.

७

फेब्रुवारीत एक दिवस हवा उबदार झाली आणि दुपारी खिडकीवरचा बर्फ आपोआप घसरला. खोलीत एकदम उजेड आला. मी टेबलाशी बसले होते, मान वर केली.

त्या खिडकीतून माणूस दिसत नाही, फक्त पाय दिसतात. काचेला लागून दोन पाय होते. गुडघ्यापर्यंत कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेले, जुन्या शिपायांचे असतात तसे. एक पट्टी सुटून लोंबत होती. त्यामागे गमबुटातले पाय. त्यांच्या बाजूला एका बायकोमाणसाच्या ओल्या झग्याच्या घेराची कड आणि त्या घेराला धरून अगदी लहानसे, अनवाणी पाय. आणखी मागे आणखी होते. सगळ्यांचे चवडे घराकडे. कोणी हलत नव्हतं. फक्त अधूनमधून कुठेतरी एक पाय बदलायचा.

मला भीती वाटली. नजर न हटवता फोन उचलला आणि मृणालिनीताईंना सगळं सांगितलं. पत्र, सही, ती ओळ, खिडकी. मी चहाटळपणा करत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

त्या म्हणाल्या, "मी आले तेव्हा मलाही एअरपोर्टवर एका खोलीत बसवून ठेवलं होतं. कोणी येऊन बोलेना. मला वाटलं, विसरले. त्या खोलीचं मी आमच्या ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही." मग आवाज कडक केला. "पण अरुणा, तू तो कागद फाड. आजच फाड. ते घर तुझं नाहीये. थिंक अबाउट गौरांगी."

त्यांचं खरं होतं, म्हणूनच ते लागलं. मी गठ्ठ्यातून पत्र काढलं. फाडणं हा अधिकाऱ्याचा मार्ग नव्हे. आदेश रद्द करायचा तर दुसरा आदेश काढावा लागतो आणि त्यात कारण नमूद करावं लागतं. मी कोरा कागद घेऊन 'वरील आदेश याद्वारे' एवढं लिहिलं आणि कारणाशी अडले. काय लिहू? नियमात बसत नाही? अनुकूल विचार करता येत नाही? खेद वाटतो?

दोन सरकारांनी लिहिलं होतं तेच मी तिसरी लिहिणार होते. त्यांच्याकडे निदान राजाचं नाव होतं आड लपायला. माझ्या कागदावर माझ्या एकटीचं नाव होतं. येतील त्यांना स्वीकारेन, असं मी लिहून दिलं होतं. आत आल्यावर पुढे काय, ते बसणार कुठे, जाणार कधी, जाणार तरी का, यातलं काही मी लिहिलं नव्हतं आणि मला माहीतही नव्हतं. हे घर माझ्या मुलाचं होतं.

पण माझा शब्द परत घेतला, तर या देशात माझं म्हणून आणखी काय उरणार होतं? मी अर्धा लिहिलेला कागद चुरगळून टोपलीत टाकला.

खिडकीत पाय तसेच होते.

८

दुसऱ्या दिवशी मी नारळी काठाची साडी नेसले. केस नीट बसवले. खोलीतल्या सगळ्या खुर्च्या, वरच्या जेवणाच्या टेबलाच्यासुद्धा, एकेक करून खाली आणल्या आणि भिंतीशी मांडल्या. त्या पुरणार नव्हत्या, पण मांडल्या. फोन स्वेटरच्या खिशात घातला. तीन वाजता खोकला ऐकू आला आणि मी पायऱ्या चढले.

कडी थंडीनं घट्ट झाली होती. पदर गुंडाळून ती ओढली.

या वेळी पायरी रिकामी नव्हती. तो थोडा तिरका उभा होता, साहेबांच्या अगदी समोर येऊ नये म्हणून उभे राहतात तसा. जाड लोकरी कोट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. त्याच्या खांद्यांवर पुष्कळ बर्फ साचला होता, कित्येक दिवस झटकला नसावा इतका. चेहऱ्याकडे बघायचं माझं धाडस झालं नाही. मी कोटाच्या गुंड्यांकडे बघत विचारलं, "राघोजी का?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. तिच्यावरचा बर्फ पायरीवर पडला तरी आवाज झाला नाही.

"हजर," तो म्हणाला.

आवाज आमच्याकडचाच होता. समुद्राच्या बाजूचा, किंचित हेल काढणारा. इतकी वर्षं दारात उभा असलेला माणूस, आणि त्या शब्दात तक्रार नव्हती. भीती तर मला होतीच, ती गेली नाही. पण तिच्या वर काहीतरी चढलं. मी अशी ताठ उभी राहिले की सचिवांसमोरही कधी राहिले नसेन.

मग मी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

रांग कुंपणाच्या कडेकडेनं गेली होती. ड्राइव्हवेच्या तोंडाशी ती वळली, वस्तीच्या टपालपेट्यांपाशी गेली आणि तिथून रस्त्यानं खाली. कोणी ढकलत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. प्रत्येकानं पुढच्याच्या पाठीशी थोडी जागा सोडली होती. कपडे निरनिराळ्या काळातले, निरनिराळ्या मुलखातले. काही तर अगदी आजचे वाटत होते. थंडीत सगळ्यांच्या तोंडून वाफ यायला हवी होती, ती कोणाच्याच येत नव्हती. शेवट मला दिसला नाही. रस्त्याच्या वळणावर दिवसाउजेडीही धूसर होतं आणि तिथून पुढेही लोक होते.

त्याच वळणावरून गौरांगीची लाल गाडी आली. ती रोज सहाला येते, त्या दिवशी लवकर आली. घराजवळ आल्यावर गाडीचा वेग कमी झाला, वळायचा दिवा लागला, आणि ड्राइव्हवेसमोर गाडी थांबली. वळली नाही. इथले लोक रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी थांबतात तशी, पुरेसं अंतर ठेवून थांबली.

माझ्या खिशातला फोन वाजला.

"आई," गौरांगीचा आवाज अगदी हळू होता, कोणी ऐकू नये अशा बेतानं बोलल्यासारखा. "मला आत वळता येत नाहीये. आपल्याकडे आज कोणी यायचं होतं का?"

राघोजी टोपी हातात धरून उंबऱ्याकडे बघत होता. मी आत बोलावेपर्यंत तो पाऊल उचलणार नव्हता. त्याच्यामागे कोणीच उचलणार नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "माझ्याकडे आलेत. माझ्या सहीनं आलेत. तू थांब जरा, त्यांना आधी आत येऊ दे."

गाडीचा दिवा लुकलुकत राहिला. मी दार पूर्ण उघडलं, "या" म्हटलं आणि बाजूला झाले.